ढोलाचा सराव आणि संगीताचा तास

शेजारच्या मैदानावर ढोल पथकाचा सराव सुरू झाला आणि स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचा आजचा संगीताचा तास आवरता घ्यावा लागला. नाशिक ढोलाचा दणका अनेक स्वमग्न मुलांना सहन होत नाही. कानांवर हात गेले तर तो हट्ट नव्हे. कान झाकणाऱ्या हेडफोनची सवय गणपतीच्या आधीपासून थोडी थोडी लावा.

संगीताचा असा तास घरी करून बघायचा असेल तर सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं रोज तेच ठेवा, म्हणजे कधी सुरू झालं, कधी संपलं हे मुलाला कळतं. मधली 20 मिनिटं पुरेत. मूल टेबलावर बोटं आपटत असेल तर तीच लय डफावर हळू उचला. मग थांबा. पाच सेकंद, कधी दहा. इथेच मोठ्यांना धीर धरवत नाही. ‘वाजव ना बाळा’ म्हणत हात धरतात आणि मूल मागे सरतं. नुसती नजर, हुंकार, एखादी टकटक, हे सगळं उत्तरच असतं! मोबाईलवर गाणी लावून ठेवण्यात ही देवाणघेवाण नाही.

‘संगीताने ऑटिझम बरा करतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. 9 देशांतल्या 364 मुलांवरच्या चाचणीत (2017) नेहमीच्या उपचारांना संगीताची जोड देऊनही, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्या मुलांपेक्षा लक्षणांची तीव्रता जास्त कमी झाली नव्हती. चालू असलेली स्पीच थेरपी यासाठी बंद करू नका.