तुम्ही विचारलंत म्हणून: ते कोरोनाचे आकडे खरे होते का?

बँकेतून रिटायर झालेला माणूस, हातात वेळ आणि एक्सेल, त्यामुळे पुण्याचे कोरोनाचे आकडे मी रोज शीटमध्ये भरायचो आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचो. म्हणून आजही लग्नात, बारशात कोणी ना कोणी गाठतंच आणि प्रश्न ठरलेला, काका खरं सांगा, ते आकडे खरे होते की दाबलेले?

तर सांगतो. खोटे नव्हते हो. पण आपण ते वाचत होतो भलत्याच अर्थाने. "आज नवे रुग्ण इतके" म्हणजे आज इतक्या लोकांना लागण झाली असं नाही, आज इतके सापडले, तेही ज्यांची टेस्ट झाली त्यांच्यातले आणि ज्यांचा रिपोर्ट आज आला त्यांच्यातले. रविवारी टेस्ट कमी व्हायच्या, मग सोमवारी आकडा पडायचा आणि ग्रुपवर लगेच हात जोडलेले इमोजी, "उतरतोय बरं का". बुधवारी परत वर. दर आठवड्याला हेच, तरी दर सोमवारी इमोजी यायचेच.

किती सापडत नव्हते ते 2020 च्या ऑगस्टमध्ये कळलं. येरवडा, लोहियानगर-कासेवाडी, कसबा-सोमवार पेठ वगैरे पाच प्रभागांत 1,664 लोकांचं रक्त तपासलं, त्यात 51.5 टक्के लोकांच्या अंगात अँटीबॉडीज निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना होऊन गेलेला, आणि बहुतेकांना पत्ताच नाही! आता हे प्रभाग मुळातच जास्त केसेसवाले होते, त्यामुळे अख्ख्या पुण्याला तो टक्का लावू नका, तेव्हा पुष्कळांनी लावला होता.

मृत्यूंचं जरा वेगळं. 16 जून 2020 ला राज्याने एकदम 1,328 जुने मृत्यू यादीत घातले आणि सगळीकडे एकच ओरड, लपवले होते, लपवले होते. मला मात्र ते बँकेच्या रिकन्सिलिएशनसारखं वाटलं, दोन ब्रँचच्या वह्या जुळत नाहीत, मग एक दिवस बसून जुळवायच्या आणि फरक एकदम दाखवायचा. बाहेरगावचा पेशंट पुण्यात दगावला तर तो कोणाच्या खात्यात, हा घोळ तर रोजचाच, महापालिकेच्या संध्याकाळच्या मेसेजमध्ये "पुण्याबाहेरील" म्हणून ते आकडे वेगळे असायचे. लपवालपवी अजिबात कुठे झालीच नसेल असं मी म्हणणार नाही, पण उशीर आणि गोंधळ यांचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा होता.

मला विचाराल तर खरी गोष्ट पुढेच आहे. आकडा शंभर टक्के खरा नसला तरी चालतो, उद्या सकाळी माणसं कुठल्या गल्लीत पाठवायची एवढं त्याने सांगितलं तरी पुष्कळ. 10 जुलै 2020 ची तारीख माझ्या शीटमध्ये पिवळी करून ठेवलीय. त्या दिवशी पुणे-पिंपरीत दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन जाहीर झाला (आणि मग व्हायचं तेच झालं, दुकानांपुढे ही झुंबड), आणि त्याच दिवशी डब्ल्यूएचओचे प्रमुख टेड्रोस यांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. धारावीत पहिला पेशंट 1 एप्रिलला, जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची वस्ती, घरात आयसोलेट व्हा म्हणायची सोयच नाही. मग तिथे पेशंट येण्याची वाट न बघता पालिकेची माणसं आणि खाजगी डॉक्टर गल्लोगल्ली गेले, ताप बघ, ऑक्सिमीटर लाव, संशयित असेल तर शाळेत नाहीतर क्रीडा संकुलात नेऊन ठेव, जेवणखाण तिथेच. आपण अख्ख्या शहराला कुलूप, त्यांनी गल्ली धरली.

आता धारावीचंही फार डोक्यावर घ्यायला नको. त्याच जुलैत मुंबईच्या दुसऱ्या तीन वॉर्डांत सर्व्हे झाला तेव्हा झोपडपट्टीत 57 टक्के आणि इमारतींत 16 टक्के लोकांना होऊन गेलेला निघाला, म्हणजे धारावीतही थोडं काम व्हायरसने आपलं आपणच उरकलं असणार. पण एप्रिलमध्ये हे कोणाला माहीत होतं? हातात होते ते आकडे घेऊन माणसं दारोदार गेली, हेच मला मोठं वाटतं.

लोक मग विचारतात, बघायचा तरी कुठला आकडा? मी ऑक्सिजनवर किती आहेत तो कॉलम बघायचो. टेस्ट कमी करून नवे रुग्ण कमी दाखवता येतात, पण श्वास लागलेला माणूस घरी थोडाच बसणार, तो बेड शोधत येतोच. राज्याने ही अक्कल लेखी आणली ती 2021 च्या जूनमध्ये, अनलॉकच्या पाच पातळ्या केल्या, पॉझिटिव्हिटी (शंभर टेस्टमागे पॉझिटिव्ह किती) 5 टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड 25 टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असले तर जिल्हा पहिल्या, म्हणजे सगळ्यात मोकळ्या पातळीत. साधे दोन आकडे, कोणालाही कळतील असे. हेच फेब्रुवारीत, अमरावती-अकोल्याकडे केसेस चढायला लागल्या तेव्हा केलं असतं तर? तेव्हा आम्ही इकडे पुण्यात हॉल बुक करत होतो. 18 एप्रिलला राज्यात एका दिवसात 68,631 केसेस आल्या, आणि त्या दिवशी तो आकडा खरा का खोटा असं ग्रुपवर एकानेही विचारलं नाही, सगळे बेड विचारत होते.