ज्याला लागलं, त्यानंच सांगायचं

पिट्सबर्गला राहायला आलं की एक विनोद कधी ना कधी कानावर पडतोच. आमच्या शहरावरून दोन लुटुपुटूच्या राज्यांत दरवर्षी युद्ध होतं आणि जो हरतो, त्याच्या गळ्यात पिट्सबर्ग पडतं! या युद्धाचं नाव पेन्सिक. १९७२ पासून चालू आहे. हल्ली ते इथून तासाभरावर, स्लिपरी रॉक गावाजवळ कूपर्स लेकच्या माळावर भरतं. ऐन उन्हाळ्यात दोनेक आठवडे दहा हजारांच्या आसपास माणसं तंबू ठोकून राहतात आणि त्यातली बरीचशी अंगात चिलखत घालून एकमेकांना बडवतात.

हा उद्योग 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनॅक्रॉनिझम' या, मध्ययुगीन युरोपातलं जगणं हौसेनं पुन्हा उभं करणाऱ्या संस्थेचा. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, एका घराच्या परसातल्या पार्टीतून ती जन्मली. आता तिची वीस 'राज्यं' आहेत आणि प्रत्येकाला राजा-राणी आहेत. पोशाख, मेजवान्या, हस्तलिखितं वगैरे पुष्कळ काही चालतं, पण मी गेले ते मारामारीसाठी.

तलवार खरी नसते. ती असते वेताची, किमान सव्वा इंच जाडीची, वरून डक्ट टेप गुंडाळलेली. धार कुठली हे कळावं म्हणून वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवतात. चिलखत मात्र खरं. पोलादी शिरस्त्राण, आणि गळा, कोपरं, गुडघे, मूत्रपिंडं, हात हे सगळं झाकलेलं असल्याशिवाय मैदानात पाऊल ठेवता येत नाही. आणि सव्वा इंची वेत म्हणजे मास्तरांची छडी नव्हे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा लागतो.

आता गुणांचं. समोरच्यानं काहीही घातलेलं असो, प्रत्येकानं अंगात जाड अस्तरावर कड्यांचं चिलखत आणि डोक्याला उघड्या चेहऱ्याचं शिरस्त्राण आहे असं धरून चालायचं. त्यातून खरी तलवार आत गेली असती का, एवढाच प्रश्न. डोक्यावर किंवा धडावर तसा वार बसला तर तुम्ही मेलात. हातावर बसला तर तो हात गेला, पाठीमागे घ्यायचा. मांडीवर बसला तर गुडघ्यावर बसून लढायचं. गुडघ्याखाली आणि पंजावर मारायचंच नाही.

आणि हे ठरवणार कोण? ज्याला लागलं तो. मैदानावर मार्शल असतात, पण त्यांचं काम मुख्यतः सुरक्षिततेचं. कुणाचा पट्टा सुटला, काठी चिरली, कुणी खरंच पडलं की 'होल्ड!' अशी आरोळी ठोकायची, की सगळे जागच्या जागी थिजतात. मारणाऱ्यानं फार तर 'नीट बसला नव्हता' एवढं सुचवावं. 'मेलास रे तू' असं म्हणायचा अधिकार त्याला नाही.

आमचा सराव एका चर्चच्या हॉलमध्ये चालतो. परवा माझ्यासमोर एक निवृत्त शाळामास्तर होते. मी त्यांच्या शिरस्त्राणावर दणका दिला, घंटेसारखा आवाज घुमला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "फ्लॅट." म्हणजे धार लागली नाही, पातं आडवं पडलं. मी मुकाट्यानं पुन्हा सुरू केलं. पुढचा वार मांडीवर. "गुड," म्हणजे वार मान्य, असं म्हणत ते गुडघ्यावर बसले. वाटलं, आता संपलंच; पण बसलेला माणूस ढालीमागे पार नाहीसा होतो. त्यांनी खालून माझ्या बरगडीत असा फटका हाणला की 'गुड' म्हणायला आधी श्वास शोधावा लागला.

इथे एक रीत आहे. समोरच्याचा पाय गेला की काही जण आपणही गुडघ्यावर बसतात. बघणारे टाळ्या वाजवतात. मला ते पटत नाही. माझा पाय मी घालवला, त्याची भरपाई दुसऱ्यानं का करावी?

लबाडी होतेच. गेंड्याच्या कातडीचे लोक इथेही आहेत. मला भेटलेला एक धिप्पाड गडी कुठलाच वार मानत नसे, दर वेळी 'लाइट', म्हणजे वार हलका पडला, म्हणायचा. त्याचा परिणाम मजेशीर होतो. तो मानत नाही म्हणून सगळे त्याला आणखी जोरात मारतात, त्यामुळे काळानिळा तोच होतो. शिवाय नाव खराब होतं ते वेगळंच. नाइट हा इथला मानाचा किताब. तो मिळणं, म्हणजे पांढरा पट्टा, सोन्याची साखळी आणि टाचेला घोडेस्वाराची आरी मिळणं, नुसत्या हातांच्या जोरावर होत नाही. राजा आधीच्या नाइटांचं मत घेतो, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी तुमच्याकडून 'लाइट' ऐकलेलं असतं.

सांगलीला बाबांना हे सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "पंचच नाही? मग भांडणं केवढी होत असतील!" आणि लगेच गाडी १९८० च्या वानखेडेवर. पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला आपला कर्णधार विश्वनाथनं परत बोलावलं, त्यानं बोथमबरोबर डाव सावरला आणि आपण दहा गडी राखून हरलो. "तरी विशीनं केलं ते बरोबरच," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. मी म्हटलं, बाबा, इथे टेलरनं स्वतःच सांगायचं. त्यावर ते म्हणाले, "मग अवघड आहे."

अवघड आहेच. राजा निवडतात तोही लढाईनंच, बहुतेक राज्यांत वर्षातून दोनदा. अंतिम फेरीत सिंहासन हातातोंडाशी आलेला माणूस स्वतःच्या तोंडानं 'गुड' म्हणतो आणि ते सोडून देतो. हे मी समोर उभं राहून पाहिलंय, आणि त्या वाराचा आवाज मला काही फार मोठा वाटला नव्हता.

पेन्सिकच्या मोठ्या लढायांत मात्र ही घडी थोडी विसकटते. शेकडो माणसांच्या रेट्यात, पाठीमागून कुणाची ढाल खुपसत असताना भाल्याचं टोक पोटाला लागलं की धक्का, हे खरंच कळत नाही. शिवाय किती जोर म्हणजे पुरेसा, याचं माप प्रत्येक राज्यात थोडं वेगळं. आमच्याकडे ज्याला 'गुड' म्हणतात त्याला दुसरीकडचा माणूस ढिम्म हलत नाही, आणि तो लबाड असतोच असं नाही. ओळखीच्या चाळीस माणसांत ही पद्धत झकास चालते, अनोळखी हजारांत कुरकुर ऐकू येते.

ज्यांना ही भानगडच नको, त्यांच्यासाठी बुहुर्त नावाचा वेगळा खेळ आहे. पोलादी बोथट शस्त्रं, पाच विरुद्ध पाच, आणि जो जमिनीवर पडला तो बाद. तिथे मानण्या-न मानण्याचा प्रश्नच नाही, पडलेला माणूस सगळ्यांना दिसतो. बघायला फार छान. माझ्या गुडघ्यांना विचाराल तर वेतच बरा.