कैरोतला कांद्याच्या वासाचा सोमवार

2013 ते 2019 आम्ही कैरोला होतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे, आणि लेकीच्या वर्गातल्या आईबाबांचं दरवर्षी एक ठरलेलं गेट-टुगेदर असायचं, शम अल-नसीमच्या, म्हणजे तिथल्या वसंताच्या सणाच्या, सोमवारी. त्या दिवशी अख्ख्या देशाला सुट्टी, शाळा बंद, पण आमचा वर्ग आजी-आजोबांसकट सकाळी बोटीवर हजर, आणि उत्तरेला जिथे नाईलचे दोन फाटे होतात त्या अल-कनातिरला जायचं. बोटीत गाणी एवढी मोठ्याने की बोलणं ऐकू यायचं नाही, मुली टाळ्या वाजवत नाचायच्या, आया फराळाचे डबे सांभाळत बसायच्या.

शम म्हणजे हुंगणं, नसीम म्हणजे झुळूक. जुन्या इजिप्तमध्ये सुगीच्या मोसमाला शेमू म्हणायचे, त्यावरून हे नाव आलं असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. कॉप्टिक, म्हणजे तिथल्या ख्रिश्चनांच्या, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणून तारीख बदलते, कधी एप्रिल कधी मे, पण सण सगळ्यांचाच, आमच्या चटईवर मुसलमान आणि ख्रिश्चन कुटुंबं मांडीला मांडी लावून बसायची.

आधीच्या आठवड्यात शाळेत अंडी रंगवायचा कार्यक्रम असायचा. पण लेकीच्या मैत्रिणीच्या आजी, त्यांना सगळे तेता, म्हणजे आजीच, म्हणायचे म्हणून आम्हीही तेताच म्हणायचो, त्यांना बाटलीतला रंग चालायचा नाही. आठवडाभर कांद्याची टरफलं साठवायच्या, मेणाच्या खडूने अंड्यावर पोरांची नावं लिहायच्या आणि मग त्या टरफलांच्या पाण्यात उकडायच्या, अंडं विटकरी लाल व्हायचं आणि नाव तेवढं पांढरं उमटायचं. माझ्या लेकीचं नाव त्यांनी अरबीत लिहिलं ते अंडं तिने फोडूच दिलं नाही, वास यायला लागेपर्यंत कपाटात ठेवलं.

आणि मग फसीख! बोय मासा आधी चांगला फुगेपर्यंत ठेवायचा आणि मग मिठात मुरवायचा, कित्येक दिवस. मी मालवणची, सुक्या मासळीच्या वासात वाढलेली, तरी पहिल्या वर्षी डबा उघडला तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले होते. तेतांनी लिंबू पिळलं, तेल घातलं, भाकरीसारख्या ऐशच्या तुकड्यात घालून हातात दिलं, वर पातीचा कांदा, आणि खरं सांगते, खारट आणि मऊ असं काहीतरी जिभेवर विरघळलं आणि मी दुसरा तुकडा मागितला. फसीख मात्र ओळखीच्या फसखानीकडूनच, म्हणजे फसीख विकणाऱ्याकडूनच, घ्यायचा, यावर तेता फार कडक. 1991 मध्ये नीट न मुरलेल्या फसीखमुळे बोट्युलिझम, म्हणजे जीवघेणी विषबाधा, होऊन 18 माणसं गेली होती, अजूनही दरवर्षी आरोग्य मंत्रालय सावध करतं, म्हणून पोरांना फक्त रिंगा, म्हणजे धुरावलेला हेरिंग, फसीख नाही.

सोबत लेट्यूसचे लांब लांब गड्डे, भिजवलेला तुरमुस नावाचा कडधान्याचा प्रकार, आणि मलाना. मलाना म्हणजे काय तर आपला हरभऱ्याचा डहाळा! हिरव्या जुड्या हातात घेऊन पोरं घाटे सोलत फिरत होती ते बघून मला इतकं भरून आलं की मी तिथेच आईला फोन लावला.

एडवर्ड लेन नावाचा एक इंग्रज कैरोत राहून गेला, त्याने 1836 मध्ये लिहून ठेवलंय की या दिवशी पहाटे बायका कांदा फोडून हुंगतात आणि मग लोक चालत नाहीतर होडीने शहराबाहेर हवा खायला जातात. तेतांनी हे काही वाचलेलं नव्हतं, पण चटईवर बसल्या बसल्या पहिलं काम तेच, कांदा फोडून प्रत्येक पोराच्या नाकाशी धरायचा. त्या सुरीने कापायच्या, मी आपल्यासारखा बुक्कीने फोडून दाखवला, तर सगळी पोरं ओरडायला लागली, मी पण मी पण, आणि त्या वर्षी अख्ख्या चटईवर कांदेच कांदे झाले. पुढच्या वर्षीपासून ते काम माझ्याकडेच.

आमचा शेवटचा सोमवार 29 एप्रिल 2019. निघताना तेतांनी दोन्ही गालांचे पापे घेतले आणि म्हणाल्या, कुल सना वेन्ती तय्यिबा, दरवर्षी अशीच सुखात राहा गं.

लेक आता होस्टेलवर असते. यंदा त्या सोमवारी सकाळी तिचा फोटो आला, मेसच्या कांद्यांची टरफलं, पातेलं, चार विटकरी अंडी, आणि एकावर पांढऱ्या अक्षरात अरबीत लिहिलेलं, तेता.