लाल आभाळाचं स्टेशन

स्टॉकहोमला आमच्याकडे पाहुणे आले की एक फोटो ठरलेला: मेट्रोच्या टी-सेंट्रालेन स्टेशनच्या छतावर चढलेल्या निळ्या वेली. काढा बापडे. पण पेर ओलोफ उल्तवेट या चित्रकारानं तिथंच वर वेल्डर, सुतार, खडक फोडणारे अशा कामगारांच्या निळ्या आकृत्याही रंगवल्यात. स्टेशन बांधणारी माणसंच ती! सेल्फीत ती कधीच येत नाहीत.

मी किस्टा या उपनगरात नोकरी करते, त्यामुळे ११ नंबरची ब्लू लाइन रोजचीच. इथली जवळपास सगळी स्टेशनं खडकात खोदलेली. फोडलेल्या खडकावर काँक्रीटचा पातळ थर मारला आणि त्याचे उंचवटे-खड्डे तसेच राहू दिले. १९७५ मध्ये ही लाइन सुरू झाली, तेव्हा चित्रकारांना भिंतीचा एखादा तुकडा नाही, अख्खी गुहाच मिळाली होती. आपल्याकडचा प्रत्येक माणूस इथं उतरला की 'वेरूळ!' म्हणतो. मला नाही पटत. तिथं छिन्नी चालली, इथं सुरुंग.

माझं आवडतं स्टेशन म्हणजे सोल्ना सेंट्रुम. वर लालभडक आभाळ, खाली हिरवंगार सूचिपर्णी जंगल, आणि हे जवळपास एक किलोमीटर! आंदेर्श ओबेर्य आणि कार्ल-ओलोव्ह ब्यर्क यांनी ते रंगवलं. आधी नुसतं जंगल आणि आभाळ होतं, मग त्यांना राहवेना, तसे त्यात एकेक प्रसंग भरत गेले. जंगलतोड, बिघडत चाललेलं पर्यावरण, खेडी सोडून शहराकडे निघालेली माणसं. सत्तरच्या दशकात स्वीडनमध्ये ज्यावरून वाद चालले होते, ते सगळं स्टेशनच्या भिंतींवर. रोज ऑफिसला जाणाऱ्यांसमोर हे मांडायला धाडस लागतं. सुंदर देखावा कुणीही काढेल.

गेल्या उन्हाळ्यात सासू-सासऱ्यांना तिथं नेलं. ते मूळचे राजापूरकडचे. मी खेडी ओस पडल्याचं सांगितलं, तर सासरे म्हणाले, "म्हणजे आमची वाडीच की. सगळी मुंबईत." मग दोन गाड्या सोडल्या, पण हलले नाहीत.

घाई करायचं कारणही नव्हतं. एकदा तिकीट काढलं की ७५ मिनिटं कुठंही चढा-उतरा. आम्ही पुढे हॅलोनबेर्येनला उतरलो. तिथं भिंतींवर लहान मुलांच्या चित्रांसारख्या रेघोट्या, मोठ्ठ्या करून काढलेल्या. सासूबाईंनी त्या नीट पाहिल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"आणि तू आमच्या नातवाला हॉलची भिंत पुसायला लावलीस!"