पिस्टन आधी, बोअर नंतर

तिसऱ्या लॅपला उतारावर थ्रॉटल सोडला आणि इंजिन जाम होऊन मागचं चाक जागच्या जागी अडकलं. हात सवयीने क्लचवर होता म्हणून पडलो नाही. दहा मिनिटांनी किक मोकळी झाली, गाडी सुरूही झाली, पण आतून रिकाम्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. तशीच बंद केली आणि टेम्पोत घालून घरी आणली.

गाडी १९९३ची यामाहा आरएक्स १००. कोल्हापूरबाहेरच्या मुरमाच्या माळावर आम्ही सात-आठ जण दर रविवारी गाड्या पळवतो, त्यासाठीच ती तयार केली आहे. पुढचं मडगार्ड उंच, टायर जाड रबरी गुटक्यांचे, ऑइल पंप काढून टाकलेला आणि टू-टी ऑइल थेट पेट्रोलमध्ये. पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली हवा-धूर आत-बाहेर करणारी भोकं, मात्र कंपनीचेच ठेवलेत.

ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, उतरवला. पिस्टनला सायलेन्सरच्या बाजूने दोन उभे ओरखडे होते आणि त्यांवर अल्युमिनियम सारवल्यासारखं पसरलं होतं. ते अपेक्षितच होतं. खरी गोष्ट कळली ती कार्ब्युरेटरच्या बाजूला. नव्या पिस्टनच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या बाजूच्या भिंतीवर, लेथच्या बारीक आडव्या रेषा असतात, नख फिरवलं की जाणवतात. या बाजूच्या रेषा पार पुसल्या होत्या. पॉलिश पेपरने घासावं तसा मंद, करडा पट्टा दिसत होता. हे काम धुळीचं. फिल्टर बॉक्स ते कार्ब्युरेटरचं रबर काढून अंगठ्याने ताणलं, तेव्हा खालच्या घडीत चीर उघडली. आत लाल मातीचा लेप होता. नुसता पिस्टन बदलला असता तर महिनाभरात नवाही तसाच झाला असता.

पिस्टनच्या डोक्यावर '२५' कोरलं होतं, म्हणजे पिस्टन मूळ मापापेक्षा ०.२५ मिलिमीटर मोठा; आधीच्या मालकाने एकदा बोअर केलेलं, सिलिंडर आतून कातून मोठा केलेला. आता पन्नासचा, म्हणजे ०.५० मोठा, आणायचा, एवढं सोपं वाटलं मला. पिस्टन-रिंगचं एक किट कुरिअरने मागवलं आणि ब्लॉक घेऊन शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगवाल्या काकांकडे गेलो.

"पिस्टन आणलाईस?"

"येतोय काका. पन्नासचा आहे. तुम्ही तोवर बोअर करून ठेवा."

त्यांनी ब्लॉक माझ्या हातात परत दिला. "आकडा बघून बोअर करत नाहीत रं. पिस्टन मोजून करतात. आधी ब्लॉक मोजू, मग पिस्टन घेऊन ये."

त्यांनी बोअर डायल, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं साधन, तीन उंचीवर फिरवला, प्रत्येक ठिकाणी पुढे-मागे आणि आडवा. एक्झॉस्ट पोर्टच्या जरा वर सगळ्यात जास्त झीज निघाली, ५०.३८ मिलिमीटर. खाली ५०.३०च्या आसपास. म्हणजे पन्नासच्या मापात ओरखडे निघून जात होते. ग्रुपमधला एक मित्र म्हणत होता, थेट शंभरचा (१ मिलिमीटर मोठा) टाक, ताकद वाढेल. हिशेब केला तर आरएक्सचा मूळ बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५०, म्हणजे ९८ सीसी. ५०.५०ला होतात १००, ५१ला १०२. एवढ्यासाठी स्लीव्हचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीचं, आयुष्य संपवायचं? या गाड्या १९९६ला बंद झाल्या. चांगला ब्लॉक आता शोधावा लागतो. जेवढं खरवडावंच लागेल तेवढंच खरवडायचं, या मताचा मी आहे.

दोन दिवसांनी किट आलं. डबा झकास. जुना पिस्टन आणि नवा शेजारी शेजारी काचेवर ठेवले, दोन्हींत पिस्टनला दांड्याशी जोडणारी पिन सरकवली आणि व्हर्नियरने पिनच्या वरच्या कडेपासून पिस्टनच्या डोक्याच्या काठापर्यंतचं अंतर घेतलं. नव्यात ते पाऊण मिलिमीटर जास्त! टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच व्हॉल्व्हचं काम करतो. डोकं वर सरकलं की पोर्ट उघडायची वेळ बदलते, आणि हेडशी असलेली जागाही कमी होते. डब्यावर गाडीचं नाव बरोबर होतं, आत दुसऱ्याच कशाचा पिस्टन होता. परत पाठवला. पैसे मिळायला तीन आठवडे आणि बरेच फोन लागले.

दुसरा मी दुकानात उभा राहून, मोजून घेतला. पिनची उंची जुळली, रिंग अडवणाऱ्या बारीक पिना जुन्याच जागी होत्या (त्या पोर्टसमोर आल्या तर रिंगचं टोक पोर्टात अडकून तुटतं), स्कर्टची कापणी तीच. फोर्ज्डही (ठोकून घडवलेला) समोर होता. तो मजबूत असतो, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून पिस्टन आणि बोअरमधली गॅप जास्त ठेवावी लागते आणि गरम होईपर्यंत दम धरावा लागतो. माझं इंजिन साधं आहे. मी कास्टच (ओतीव) घेतला.

काकांनी मायक्रोमीटर लावला तो स्कर्टच्या खालच्या काठाच्या जरा वर, पिनच्या काटकोनात. पिस्टन तिथेच सगळ्यात रुंद असतो. वर निमुळता आणि मुळातच किंचित अंडाकृती. माप आलं ५०.४५५. डोक्यावर मात्र नुसतं '५०'. त्यांनी ४५ मायक्रॉन गॅप धरून बोअर ५०.५०ला आणला, शेवटचे काही शतांश होनिंगला, म्हणजे दगडाने घासून गुळगुळीत करायला, राखून. मग पोर्टांच्या धारा हाताने मोडल्या. हे सांगितल्याशिवाय बरेच जण करत नाहीत, आणि धार तशीच राहिली तर नवी रिंग पहिल्याच दिवशी खरवडते.

घरी ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुतला. पांढऱ्या फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत पाच वेळा. लगेच तेलाचा हात दिला, नाहीतर स्लीव्हला डोळ्यांदेखत गंज धरतो. रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिच्या टोकांमधल्या फटीत फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) लावला, ०.२५ मिलिमीटर. क्रँकच्या तोंडात फडकं कोंबून पिन बसवली, पिन धरून ठेवणाऱ्या सर्क्लिप नवीन, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. आणि अर्थातच कार्ब्युरेटरचं नवं रबर.

पहिल्या दिवशी नुसती गरम करायची, पूर्ण थंड होऊ द्यायची, असं चार वेळा. मग दोन रविवार अर्ध्या थ्रॉटलच्या वर गेलो नाही. पोरं पुढे निघून जायची, मी मागून सावकाश. तिसऱ्या रविवारी पूर्ण दिवस पळवली, अगदी त्याच उतारावरून.

संध्याकाळी कार्ब्युरेटर आणि त्यामागची रीड (पातळ पात्यांची झडप) काढून आत टॉर्च मारला. किक हाताने दाबत पिस्टन सावकाश वर आणला. स्कर्टवरच्या आडव्या रेषा एकूण एक जागेवर होत्या.