एसएस ८०: आधी पत्रा, मग इंजिन

जुनी जपानी गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर डॅटसन नाहीतर टोयोटा सेलिका येते. आपल्या दारातली जुनी जपानी गाडी मात्र पहिली मारुती ८००, म्हणजे एसएस ८०. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिली चावी दिली ती हीच. मुळात ती सुझुकीची फ्रोंटे. सुरुवातीच्या गाड्या तर सुट्या भागांच्या रूपात जपानहून आल्या आणि गुडगावला जुळवल्या गेल्या. १९८६ मध्ये मारुतीने बॉडीच बदलली. त्यामुळे "आमच्याकडे पण होती ८००" असं सांगणाऱ्या बहुतेकांची गाडी ही नव्हेच, तिच्यानंतरची असते.

माझी १९८५ ची आहे. रत्नागिरीकडच्या एका घरी पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभी होती. आंबा घाट चढून टेम्पोवरूनच कोल्हापूरला आणली, कारण ब्रेकचा भरवसा नव्हता. बघायला आलेल्या प्रत्येकाचा सल्ला एकच होता: आधी इंजिन चालू कर, म्हणजे हुरूप येईल. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. जीपसारखी या गाडीला खाली वेगळी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, नाही. फ्लोअर, दरवाजाखालचा रनिंग बोर्ड, खांब, छप्पर हे सगळं मिळूनच गाडी वजन पेलते. कोकणातून आलेल्या गाडीचा पत्रा तपासायच्या आधी इंजिनावर पैसे घालू नयेत.

सीटा काढल्या, मॅट उचललं. खाली नमदा (जाड फेल्ट), त्याखाली डांबरी शीट. नमदा पिळला असता तर पाणी गळलं असतं इतका ओला. डांबरी शीट हीट गनने मऊ करून पटाशीने खरवडत गेले. ड्रायव्हरच्या टाचेखाली शीट निघाली तशी तिला चिकटून पत्र्याचा पापुद्राच वर आला आणि अंगणातली फरशी दिसायला लागली. मग ठोकून बघायचं. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. खडूने खुणा करत गेले आणि डावा रनिंग बोर्ड जवळजवळ पूर्ण पांढरा झाला.

रनिंग बोर्ड कापण्याआधीचं एक काम कुणीही चुकवू नये. दरवाजाच्या चौकटीत लोखंडी पाइपचे आडवे-तिरके टेके वेल्ड करून घ्यायचे. नाहीतर पत्रा कापताच बॉडी बसते, आणि नवा पत्रा त्या बसलेल्या मापावर जोडला की दरवाजा जन्मात नीट लागत नाही. बॅटरी काढून ठेवायची. पेट्रोलची टाकी उतरवून पार लांब न्यायची. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, आत पेट्रोलची वाफ असते.

वेल्डिंग मला शिवाजी उद्यमनगर या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातल्या एका मिस्त्रींनी शिकवलं. घरच्या सिंगल फेजवर चालणारं छोटं सीओटू वेल्डिंग मशीन घेतलं होतं. त्यांनी आधी भंगार पत्र्यावर हात बसवून घेतला. "ताई, लाईन वढायची न्हाई. टिपका द्या, लांब जावा, तिकडं टिपका द्या. पत्रा तापला की लाट मारतोय बघा." फ्लोअरला वीस गेजचा सीआर पत्रा वापरला. जुने स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवले. नव्या पत्र्याला भोकं पाडून त्यातून खालच्या पत्र्यावर वेल्ड भरले, म्हणजे जोड मूळ कंपनीच्या जागेवरच येतात. आतून झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर, शेवटी रनिंग बोर्डच्या पोकळीत पातळ मेण फवारलं. गंज आतून बाहेर येतो. वरून लांबी (पुट्टी) भरून, घासून, चकचकीत रंग दिलेली गाडी पुढच्या पावसाळ्यानंतर फोड दाखवायला लागते. असं काम करून गाडी विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण तोवर खालचा वाचण्यासारखा पत्राही गेलेला असतो.

इंजिन त्या मानाने सोपं गेलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एफ८बी. हेच इंजिन पुढच्या ८०० ला आणि ओम्नीला बरीच वर्षं होतं, म्हणून रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग बेल्ट सगळं दुकानात मिळतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं तर दोन सिलिंडर सारखे, तिसरा खाली. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, आकडा हलला नाही. रिंगा गेल्या असत्या तर तो वाढला असता. म्हणजे दोष बहुधा व्हॉल्व्हचा. हेड उतरवून उद्यमनगरात दिलं, व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट कापून आणि फेसिंग करून, म्हणजे खालची बाजू सपाट करून आलं. व्हॉल्व्ह मी पेस्ट लावून घरीच घासले. भर पावसाळ्यात कोल्हापुरात रंगकाम करायचंच नसतं, त्यामुळे बाकावर बसून करायची ही कामं त्या महिन्यांसाठीच राखून ठेवली होती.

कार्ब्युरेटर काढून एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन टाका, असंही सुचवलं गेलं. मी ठाम नकार दिला. प्लॅटिना-पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या जुन्या स्विचवर) चालणारी, चोक ओढून सुरू होणारी ही गाडी आहे आणि तशीच ती पुढच्या पिढीला बघायला मिळायला हवी. एक बदल मात्र नाइलाजाने करावाच लागतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्याने जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे डायफ्राम (रबरी पडदे) फुगतात, चिरतात. इथेनॉल सोसणारे पाइप आणि नवा डायफ्राम घातल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणू नये, गरम इंजिनावर पेट्रोल टपकणं म्हणजे थेट आगीला आमंत्रण. इथेनॉलमुळे मिश्रणही पातळ होतं, त्यासाठी मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, एक नंबर मोठा घेतला. गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट ठेवू नये, आत पाणी धरतं.

सगळ्यात जास्त जीव काढला तो वरच्या सामानाने. ग्रिल, मागचे लाइट, काचेची रबरं यातलं नंतरच्या ८०० चं काहीच बसत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फिरले, पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. शोधायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: हीच गाडी ब्रिटनमध्ये सुझुकी ऑल्टो म्हणून विकली गेली आणि पाकिस्तानात सुझुकी एफएक्स म्हणून. एफएक्स तिकडे अजून लोकांच्या रोजच्या वापरात आहे आणि तिथले मिस्त्री ती उघडताना जे व्हिडिओ टाकतात, त्यातून मी दाराची यंत्रणा आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) कसे सोडवायचे ते शिकले. तिथून पार्ट येणं शक्य नाही, पण विद्या येते. मागच्या लाइटची डावी काच अखेर कुर्ल्यात मिळाली. धुळीच्या ढिगात, तडा न गेलेली. दुकानदार काकांनी ती फुंकून हातात दिली आणि भाव सांगायच्या आधी विचारलं, "कितवं साल आहे?"

कागदांचं काम पत्र्याबरोबरच सुरू करावं. १९८९ आधीचा, एमएच मालिकेच्या आधीचा नंबर असला की गाडीची माहिती संगणकावर नसण्याची शक्यता मोठी. मग जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी विंटेजची वेगळी सोय २०२१ पासून आहे, पण एसएस ८० अजून त्या वयाची नाही. तिला नेहमीचाच रस्ता: पाच वर्षांसाठी नूतनीकरण, ग्रीन टॅक्स, विमा, पीयूसी, तपासणी. वीस वर्षांपुढच्या कारला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाली. आणि पत्राकाम करताना चॅसी नंबर कोरलेल्या पत्र्याजवळ ग्राइंडर नेऊ नका. तो नंबर पुसट झाला तर बाकीची मेहनत कागदावर शून्य.

तपासणीला आरटीओच्या साहेबांनी चॅसी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, हेडलाइट, हॉर्न, वायपर बघितले, ब्रेक मारायला लावला. मग खाली वाकून फ्लोअरखालून हात फिरवला आणि सही केली. आता राहिलेत ते मागचे पाटे. डावीकडच्या पाट्याचं एक पान तुटलेलं आहे, उद्यमनगरात नमुना देऊन आले आहे.