दोरा ओला करून घ्या

आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं पत्र आलं. वसतिगृह, स्नेहसंमेलन, नवी इमारत यांवर बाकीचे लिहितीलच. मला फक्त नकाशा आणि डोंगरवाटा शिकवणाऱ्या सरांविषयी लिहायचंय. कोणते सर, हे आपल्याकडे पर्यटनाचा अभ्यासक्रम केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

ज्या डोंगरात फारसं कुणी जात नाही, तिथली वाट आधी टेबलावर चालून यायची, ही सरांची शिस्त. गाजलेल्या वाटेवर चुकलात तर मागून दुसरा गट येतो. इथे मागून कुणीच येत नाही, म्हणून हिशेब पक्का हवा. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. पण वाट वळणावळणाची, ती पट्टीनं मोजता येत नाही. त्यासाठी शिवणाचा पांढरा दोरा नकाशातल्या वाटेवर ठेवत जायचा, मग सरळ करून मोजायचा. "ओला करून घ्या," हे सरांचं पालुपद. कोरडा दोरा वळणावर सरकतो आणि वाट फुकटात आखूड होते.

एकदा एका मुलाचं रूट कार्ड, म्हणजे वाटेचं अंतर, चढ आणि वेळ यांचा लेखी हिशेब, तपासायला आलं. दोरा २८ सेंटीमीटर, म्हणजे १४ किलोमीटर. पायथ्याचं गाव आणि वरचा मुक्काम यांच्या उंचीत ६०० मीटरचा फरक. त्यानं नेस्मिथचा नियम लावला होता. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं मांडलेला हा नियम आज असा सांगतात: तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. उत्तर आलं ३ तास ४८ मिनिटं. गणित चोख होतं. सरांनी नकाशावर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि वाटेवरच्या कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोठ्यानं मोजायला लावल्या. अर्ध्या वाटेवर डोंगराची धार उतरून ओढ्यात जायचं होतं. उंचीच्या २०-२० मीटरच्या फरकानं १५ रेषा खाली, म्हणजे ३०० मीटर उतार. आणि उतरलं तेवढं पलीकडे पुन्हा चढायचं. एकूण चढ ९०० मीटर, वेळ ४ तास १८ मिनिटं. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीची वजाबाकी म्हणजे चढ नव्हे, हे त्या दिवशी अख्ख्या वर्गाच्या डोक्यात बसलं. वर ही वेळ एकट्या, तयारीच्या, न थांबणाऱ्या माणसाची. पाठीवर बोजा असलेल्या गटासाठी सर ती सरळ दीडपट धरायचे, म्हणजे जवळपास साडेसहा तास. मग शेवटचा प्रश्न, "परत फिरायची वेळ कुठे लिहिलीय?" ती वेळ टेबलावरच ठरवायची. डोंगरात गेल्यावर ती पुढे ढकलायचा अधिकार लीडरलाही नाही.

गावात माहिती कशी विचारायची, हेही त्यांनी घोटून घेतलं. 'किती लांब आहे?' विचारलं की 'हे काय, जवळच' असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारायचं: तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? ओझं घेऊन किती वेळ लागतो? झरा कोणत्या महिन्यात आटतो? हा शेवटचा प्रश्न तर विसरायचाच नाही. बारा जणांना पिण्यापुरतं माणशी ४ लिटर धरलं तरी दिवसाला ४८ लिटर होतात. ज्या वस्तीला एकच झरा, तिथे हा पाहुणचार नसून उपद्रव ठरतो. गट लहान करा किंवा मुक्काम हलवा, असा सरांचा निकाल असायचा. वाटाड्याची मजुरी आणि बोजाचं वजन निघण्याआधी ठरवून कागदावर लिहायचं, तेही त्याच्यासमोर वाचून दाखवून.

सर अंगणात खडूनं सरळ रेघ ओढून टाचेला बोटं लावत सगळ्यांना चालवायचे, तेव्हा इतर विभागांची मुलं हसायची. उंचीवर मेंदूला सूज येऊ लागली की तोल जातो. पण मुळात कोण डगमगतो हे खालीच पाहून ठेवलं नसेल, तर वर फरक कळणार कसा? ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त चढवायचा नाही, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखतंय तोवर वर जाणं बंद. रेघेवर तोल गेला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी सोबत देऊन खाली उतरवायचं.

आज आपली मुलं दूरदूरच्या डोंगरांत गट नेतात, मीही नवे लीडर घडवण्याच्याच कामात आहे. पण नकाशाचा तास आता जेमतेम उरलाय, हे पाहून वाईट वाटतं. मुलं मोबाइलवर कुणाचा तरी ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, उतरवून घेतात. आपण कुठे आहोत, हे त्यावर उत्तम कळतं. मात्र तो ट्रॅक कोरड्या दिवसांत, एकट्यानं, रिकाम्या पाठीनं चाललेल्याचा असू शकतो, आणि ओढ्याला पाणी किती हे त्यात कुठेच नसतं. थंडीत बॅटरी उतरते ती वेगळीच.

समितीला एक विनंती. नकाशाखोलीतलं ते मोठं टेबल नव्या इमारतीत हलवलं नसेल, तर हलवावं. लहान बाकांवर नकाशाची दोन शीटं शेजारी लावता येत नाहीत, आणि आडवाटेच्या डोंगरातली वाट नेमकी शीटच्या कडेलाच येते.